भुशाच्या लाइनला कोणता पाइप? ‘किती केजीचा देऊ?’ या प्रश्नात अडकू नका!



फर्निचरचा, मॉड्युलर किचनचा किंवा लाकडी खेळण्यांचा छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्यांची यादी बघितली की मशीनचा खर्च पहिल्या ओळीत असतो. टेबल सॉ, रंधा, राउटर, ड्रिल. मग येतो डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढणारा ब्लोअर आणि त्याची पिशवी. आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या कोपऱ्यात, एक शब्द: ‘पाइप’. पुढे रकमेची जागा रिकामी.

माझं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हा रिकामा कोपरा घेऊन माणसं काउंटरवर कशी येतात ते मला रोज दिसतं. संवाद ठरलेला असतो.

“दादा, चार इंची पाइप द्या. भुशाच्या मशीनला लावायचाय.”

“किती केजीचा देऊ? चार केजी, सहा केजी?”

“मजबूत द्या. सहा केजीच द्या.”

झालं! इथेच पैसे गेले. म्हणजे पाइप वाईट होता असं नाही. पाइप उत्तम होता, पण तो पाण्यासाठी होता. आपल्याला न्यायचीय हवा. आज आपण एवढंच शिकणार आहोत की भुशाच्या लाइनला प्लास्टिकचा पाइप निवडताना पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही.

आधी हे समजून घ्या: हे काम स्वच्छतेचं नाही, तब्येतीचं आहे

बरेच जण म्हणतात, “भुसा काय, संध्याकाळी झाडून घेऊ.” जो भुसा झाडता येतो तो त्रासदायक नाहीच. त्रासदायक असतो तो डोळ्यांना न दिसणारा बारीक कण, जो मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगतो आणि थेट छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातही धूळ आणि धुराबद्दल कलम १४ होतं आणि पेट घेणाऱ्या धुळीबद्दल कलम ३७ होतं. म्हणजे हा विषय कालपरवाचा नाही.

तुमच्याकडे कामाला येणारा सुतार दिवसाचे आठ-नऊ तास त्या मशीनसमोर उभा असतो. सुरुवातीच्या काळात तर बहुतेक वेळा तो माणूस तुम्ही स्वतःच असता. त्यामुळे या लाइनचा हिशोब करताना ‘चालून जाईल’ हा शब्द वापरायचा नाही. पण त्याचा अर्थ सगळ्यात महाग पाइप घ्यायचा असाही नाही.

‘केजी’ म्हणजे नक्की काय?

दुकानात ज्याला आपण चार केजी, सहा केजी म्हणतो, ते पाइपचं वजन नाही. तो किती दाब सहन करेल त्याचा आकडा आहे. चार केजी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला चार किलो दाब. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ४० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. विहिरीवरून शेतात पाणी न्यायला हे लागतं.

आता आपला ब्लोअर बघा. छोट्या वर्कशॉपमधला दोन हॉर्सपॉवरचा एका पिशवीचा डस्ट कलेक्टर जास्तीत जास्त ८ ते १० इंच पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ तयार करतो. १० इंच म्हणजे साधारण पाव मीटर. कुठे ४० मीटर आणि कुठे पाव मीटर! हिशोब केला तर चार केजीचा पाइपसुद्धा आपल्या गरजेच्या १६० पट दाबासाठी बनलेला आहे. सहा केजीचं तर बोलायलाच नको.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या: भुशाच्या लाइनला दाबाची ताकद विकत घ्यायची नाही. आतली मोकळी जागा आणि गुळगुळीतपणा विकत घ्यायचा.

बाजारात काय काय मिळतं

एकेक प्रकार बघू.

*शेतीचा पीव्हीसी पाइप.* राखाडी रंगाचा, आयएस ४९८५ या मानकाचा. काम करतो. जवळ उरलेला पडला असेल तर जरूर वापरा. पण नवीन घ्यायचा तर दोन अडचणी. केजी वाढेल तशी भिंत जाड होते, आतलं भोक लहान होतं आणि पैसे जास्त जातात. आणि याच्या फिटिंगमध्ये आपल्याला हवे तसे तिरके वाय सहज मिळत नाहीत.

*एसडब्ल्यूआर पाइप.* इमारतीच्या बाहेरून संडास-बाथरूमचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी उतरवणारा. मानक आयएस १३५९२. यात दोन प्रकार येतात. टाइप ए हा पावसाचं पाणी आणि व्हेंटसाठी असतो, टाइप बी सांडपाण्यासाठी असतो आणि जाड असतो. ११० मिमीच्या पाइपमध्ये टाइप ए ची भिंत कमीत कमी २.२ मिमी आणि टाइप बी ची ३.२ मिमी. म्हणजे टाइप बी ला जवळपास ४४ टक्के जास्त प्लास्टिक लागतं, आणि पीव्हीसीचा भाव शेवटी वजनावरच चालतो. आपल्या कामाला टाइप ए पुरेसा आहे. जिथे पाइपला फळी, ट्रॉली, माणसाचा पाय लागण्याची शक्यता आहे, तिथला खालचा तुकडा तेवढा टाइप बी घ्या.

*सीपीव्हीसी.* गरम पाण्याचा, फिकट पिवळसर. महाग आणि लहान मापात. आपल्या कामाचा नाही.

*नालीदार ड्रेनेज पाइप.* बाहेरून मोठा दिसतो, स्वस्त वाटतो. ज्याची आतली बाजूही नालीदार आहे तो घेऊच नका. प्रत्येक वळीत हवा अडखळते आणि बारीक भुसा साठतो. हात आत घालून बघा, वळ्या लागल्या की परत ठेवा.

*स्प्रिंगवाला फ्लेक्झिबल होज.* हा लागतोच, पण फक्त मशीन आणि पक्क्या पाइपच्या मधल्या शेवटच्या टप्प्याला. तेवढ्याच लांबीच्या सरळ गुळगुळीत पाइपपेक्षा तो दुप्पट-तिप्पट ओढ खातो. ‘होज वळतो, बेंडचे पैसे वाचतात’ म्हणून पूर्ण लाइन होजची करणारे पुढे ब्लोअरला दोष देत बसतात.

*विनामार्क पाइप.* रस्त्याकडेच्या ढिगात मिळतो. भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. भंगार प्लास्टिकचा असेल तर क्लॅम्प आवळताना तडकतो. पाइपवर आयएसआय मार्क, मानकाचा नंबर आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे का ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

थोडक्यात, नवीन घेणाऱ्याने एसडब्ल्यूआर टाइप ए वर बोट ठेवायचं. फिटिंग प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतात, हा व्यवसायाच्या दृष्टीने मोठा फायदा. उद्या एखादा बेंड फुटला तर काम दोन दिवस अडून राहत नाही.

माप कसं ठरवायचं: लहानही नको, मोठाही नको

आता खरा मुद्दा. ‘मोठा पाइप म्हणजे जास्त हवा, म्हणून सहा इंची घेऊन टाकू’ असं खूप जणांना वाटतं. अर्धं बरोबर आहे.

पाइप लहान झाला तर काय होतं? तेवढीच हवा ओढायला ब्लोअरला फार जोर लागतो. ११० ऐवजी १६० मिमी घेतला तर तेवढ्याच हवेला होणारा विरोध साधारण साडेसहा पट कमी होतो. एवढा फरक पडतो, कारण विरोध व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो.

मग मोठाच घ्यावा ना? थांबा. मोठ्या पाइपात हवेचा वेग कमी होतो. लाकडाचा भुसा आणि ढलप्या हवेत तरंगत पुढे जायला साधारण १८ ते २० मीटर प्रति सेकंद वेग लागतो. पावसाळ्यातला ओढा आठवा. अरुंद जागी पाणी दगडगोटे वाहून नेतं, आणि पात्र रुंद झालं की तेच पाणी गाळ टाकतं. पाइपचंही तसंच. वेग कमी झाला की भुसा तळाशी बसतो, थर वाढत जातो, आणि एक दिवस लाइन चोंदते.

म्हणून हे आकडे वहीत लिहून ठेवा. एसडब्ल्यूआर टाइप ए पाइपात २० मीटर प्रति सेकंद वेग राखायला किती हवा लागते:

- ७५ मिमी: साधारण १७० सीएफएम
- ९० मिमी: साधारण २५० सीएफएम
- ११० मिमी: साधारण ३७० सीएफएम
- १६० मिमी: साधारण ७८५ सीएफएम

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. टेबल सॉ किंवा छोट्या रंध्याला कामचलाऊ ओढ हवी तर ३५० ते ४०० सीएफएम धरतात. आता यादी परत बघा. ११० मिमी अगदी बरोबर बसतो. १६० मिमीच्या लाइनवर असं एकच मशीन चालू ठेवलं आणि ४०० सीएफएमच वाहत असेल, तर वेग १० मीटरवर येतो. भुसा बसणारच.

आणि ब्लोअरच्या पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका. पाटीवर १२०० सीएफएम लिहिलंय, ते बहुधा पाइप न जोडता, तोंड मोकळं ठेवून मोजलेलं असतं. पाइप, बेंड, होज आणि भुशाने भरलेली पिशवी जोडल्यावर त्याच्या निम्मं मिळालं तरी ठीक समजा.

मग निर्णय कसा घ्यायचा?

दोन हॉर्सपॉवरचा ब्लोअर, एका वेळी एकच मशीन, मशीनचं तोंड चार इंची: पूर्ण लाइन ११० मिमी. पण लाइन आखूड ठेवा.

तीन हॉर्सपॉवर किंवा मोठा ब्लोअर, सहा इंची तोंड, आणि दोन मशीन एकदम चालतात किंवा एकाच मशीनला वर-खाली दोन तोंडं आहेत: मुख्य लाइन १६० मिमी, फांद्या ११० मिमी. आणि दोन गेट उघडी ठेवूनच चालवा, म्हणजे मुख्य लाइनमधला वेग टिकतो.

राउटर, सँडर यांची अडीच इंची तोंडं: रेड्युसर मशीनच्या अगदी जवळ लावा, लांबूनच ७५ चा पाइप ओढत आणू नका. लहान तोंडातून हवा कमी येते, त्यामुळे ११० च्या लाइनमध्ये वेग पडतो. उपाय सोपा आहे. राउटर चालू असताना शेजारच्या मशीनचं गेट अर्धं उघडं ठेवा.

‘चार इंची’ हा शब्द फसवा आहे

आपल्याकडे ११० मिमी पाइपला सगळे चार इंची म्हणतात. पण ११० हे बाहेरचं माप आहे. टाइप ए मध्ये आतलं माप साधारण १०५ मिमी येतं. मशीनचं आणि होजचं ‘चार इंची’ मात्र १०० मिमीच्या आसपास असतं. म्हणजे १०० मिमीचा होज ११० च्या पाइपवर चढत नाही, आणि १०० मिमीचं तोंड पाइपच्या आत घातलं तर सैल बसतं.

काय करायचं? पाइप आणायला जाताना होजचा एक वीतभर तुकडा आणि मशीनच्या तोंडाचं बाहेरचं माप बरोबर न्या. तोंड आत सैल बसत असेल तर त्यावर रबराची पट्टी गुंडाळून घट्ट करा. होज चढत नसेल तर पाइपचं टोक हीट गनने नरम करून थोडं आवळता येतं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो, त्यामुळे घाई न करता फिरवत फिरवत गरम करा. गॅस किंवा ब्लो लॅम्पची ज्योत लावायची नाही. पीव्हीसी जळला की आम्लाचा धूर निघतो आणि तो फुप्फुसाला फार वाईट.

बेंड आणि वाय: इथे कंजुषी नको

पाइपमध्ये पैसे वाचवले ना? ते इथे लावा.

४०० सीएफएम हवा जाताना ११० च्या सरळ पाइपात दर मीटरला साधारण ५ मिमी पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ खर्च होते. ब्लोअरकडे एकूण भांडवल २०० ते २५० मिमीचं. एक आखूड ९० अंशी बेंड म्हणजे साधारण दोन ते चार मीटर सरळ पाइप. असे पाच बेंड टाकले तर तुम्ही भिंतीला न दिसणारा दहा ते वीस मीटर पाइप लावला!

म्हणून:

एका ९० ऐवजी दोन ४५ चे बेंड घ्या आणि मध्ये वीतभर सरळ तुकडा ठेवा. फांदी जोडायला टी नको, तिरका वाय घ्या, आणि त्याची फांदी ब्लोअरच्या दिशेने झुकलेली ठेवा. टी मध्ये येणारी हवा समोरच्या भिंतीवर आपटते, वायमध्ये ती प्रवाहात मिसळते.

सॉकेटची दिशा लक्षात ठेवा. पाइपचं साधं टोक नेहमी भुसा जातो त्या दिशेने पुढच्या सॉकेटमध्ये शिरलेलं असावं. उलटं लावलं तर आत एक काठ तयार होतो आणि लांब ढलप्या नेमक्या तिथे अडकतात. सांडपाण्याची लाइन लावणाऱ्या प्लंबरला हे पाठ असतं. त्याला फक्त एवढंच सांगा, “पाणी मशीनकडून ब्लोअरकडे जातंय असं समजून लाव.”

एसडब्ल्यूआरमध्ये ‘डोअर’वाले बेंड आणि टी मिळतात, ज्यांना एक झाकण असतं. लाइनच्या शेवटच्या वळणाला असा एक डोअर बेंड लावा. लाइन चोंदली तर झाकण उघडून साफ करता येते, कापाकापी नको. फक्त झाकणाचं रबर नीट बसलंय ना ते बघा, नाहीतर तिथून फुकटची हवा ओढली जाईल.

चिकटवायचा की नाही?

माझं मत स्पष्ट आहे: सोल्व्हंट लावून कायमचा चिकटवू नका.

पहिलं कारण तांत्रिक आहे. आत ओढ असल्यामुळे जोड सुटण्याऐवजी एकमेकांत खेचले जातात. गळायला पाणी नाहीच. घट्ट बसवून वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप किंवा बाहेरच्या फटीत सिलिकॉन लावलं की काम होतं. रबर रिंगचे जोडही चालतात. स्क्रू मारलात तर आखूड मारा, आत टोक निघालं की त्याला ढलप्या लटकतात.

दुसरं कारण धंद्याचं आहे. सुरुवातीचा गाळा बहुतेक वेळा भाड्याचा असतो. अकरा महिन्यांनी मालकाने भाडं वाढवलं की तुम्ही हलणार. किंवा सहा महिन्यांनी पॅनल सॉ येणार आणि मांडणी बदलणार. न चिकटवलेली लाइन ही तुमची मालमत्ता असते, उचलून नेता येते. चिकटवलेली लाइन गाळ्याच्या मालकाला भेट!

एक पूर्ण हिशोब मांडून बघू

समजा, सातपूरला २० बाय ३० फुटांचा भाड्याचा गाळा आहे. टेबल सॉ, रंधा आणि राउटर टेबल, अशी तीन मशीन. माणसं दोन, पण एका वेळी धूळ करणारं मशीन एकच चालतं. ब्लोअर दोन हॉर्सपॉवरचा.

बहुतेक जण ब्लोअर कुठे ठेवतील? दाराजवळच्या कोपऱ्यात, ‘आवाज नको’ म्हणून. तिथून शेवटच्या मशीनपर्यंत पाइप ३५ फुटांवर जातो. त्याऐवजी ब्लोअर लांब भिंतीच्या मधोमध ठेवा आणि रंधा त्याच्या सगळ्यात जवळ, कारण ढलप्या त्याच्याच जास्त. आता सगळ्यात लांबचं मशीन १८ फुटांवर आलं. एक रुपया खर्च न करता लाइन निम्मी झाली.

यादी अशी बनेल: ११० मिमी टाइप ए चे दहा फुटी तीन पाइप, दोन वाय, ४५ चे चार बेंड, एक डोअर बेंड, राउटरसाठी एक रेड्युसर, प्रत्येक मशीनला एक असे तीन गेट, प्रत्येकी तीन-चार फूट होज, होज क्लिपा, आणि भिंतीला दर चार-पाच फुटांवर एक क्लॅम्प. गेट विकत मिळतात, पण सुताराच्या वर्कशॉपमध्ये प्लायचे गेट अर्ध्या दिवसात बनतात. वर खाली सरकणारी एक फळी, एवढंच ते असतं.

ही यादी घेऊन तीन दुकानांत भाव विचारा. टाइप ए चा वेगळा, टाइप बी चा वेगळा, सहा केजीचा वेगळा. मी इथे रक्कम लिहीत नाही, कारण पीव्हीसीचे भाव सारखे बदलतात. पण तीन रकाने समोर आले की फरक तुम्हालाच दिसेल. जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल तर बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही, मग पूर्ण रक्कम खर्चात धरा.

आता दुसरी बाजू. लाइन चुकीची लावली, ओढ कमी पडली, आणि ‘मोठा ब्लोअर घेऊ’ म्हणून दोनाचा तीन हॉर्सपॉवर केला. मशीनची किंमत सोडा, फक्त वीज बघा. एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण पाऊण युनिट तासाला. दिवसाला ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे जवळपास १५० युनिट जास्त. तुमच्या वीजबिलातल्या दराने गुणा आणि बाराने गुणा. हा खर्च दरवर्षी येत राहणार, आणि तो वाचवायला लागणार होते फक्त दोन वाय, चार बेंड आणि ब्लोअरची जागा बदलायची अक्कल.

करंट लागतो, स्पार्क होतो, हे खरं का?

सुका भुसा प्लास्टिकच्या पाइपातून वेगाने गेला की पाइपवर स्थिर वीज साठते. हिवाळ्यात कोरड्या हवेत हात लावला की चटका बसतो. लोक पाइपभोवती तांब्याची तार गुंडाळतात. त्याने चटका कमी होतो, पण पीव्हीसी मुळात वीजवाहक नाही, त्यामुळे तार लावली म्हणून संपूर्ण पाइप ‘अर्थ’ झाला असं समजू नका. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे मशीन आणि ब्लोअरच्या बॉडीला पक्कं अर्थिंग, आणि होजमधली स्प्रिंगची तार दोन्ही टोकांना सोलून धातूच्या बॉडीला जोडणं. मशीनवर उभ्या माणसाला अचानक चटका बसून हात ब्लेडकडे जाऊ नये, यासाठी हे करायचंच.

आणि प्लास्टिक कुठे वापरायचं नाही तेही सांगतो. ग्राइंडर, वेल्डिंग, लोखंड कापणं, यांची ठिणगी भुशाच्या लाइनमध्ये कधीही जाऊ द्यायची नाही. जुन्या वाड्याचं सागवान कापत असाल तर आधी खिळे काढा, कारण ब्लेड खिळ्याला लागलं की ठिणगी सरळ पिशवीत जाते, आणि पिशवीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मोठं युनिट असेल, दिवसभर एमडीएफ कापलं जात असेल, बारीक धूळ पोत्याने निघत असेल, तर प्लास्टिकचा विचार सोडा. तिथे अर्थिंग केलेलं पत्र्याचं डक्टिंगच हवं, आणि ते जाणकार माणसाकडून डिझाइन करून घ्या. हा लेख छोट्या वर्कशॉपसाठी आहे.

पत्र्याच्या शेडखाली लाइन असेल तर

आपल्याकडचे बहुतेक गाळे पत्र्याचे. उन्हाळ्यात दुपारी वर भट्टी असते. पीव्हीसी तापला की लांबतो: दहा मीटर लाइनमध्ये ३० अंशांचा फरक पडला तर साधारण दोन सेंटीमीटर. म्हणून क्लॅम्प इतके आवळू नका की पाइपला सरकताच येणार नाही. पण क्लॅम्प कमीही नकोत, नाहीतर गरम पाइपला झोळ पडतो आणि त्या झोळात भुसा बसतो. ब्लोअर शेडबाहेर ठेवला असेल तर बाहेरच्या पाइपला रंग मारा. उन्हाने पीव्हीसी कडक होऊन काही वर्षांत तडकतो.

आज संध्याकाळी करायचं काम

वाचून सोडून देऊ नका. एक कागद घ्या आणि एवढं करा:

1. गाळ्याचा नकाशा काढा, मशीन मांडा, ब्लोअर मध्ये आणून बघा. सगळ्यात लांबचं अंतर मोजा.
2. प्रत्येक मशीनच्या तोंडाचं बाहेरचं माप मिमीमध्ये लिहा.
3. एका वेळी किती मशीन चालणार ते लिहा. खरं लिहा, स्वप्नातलं नको.
4. त्यावरून ११० की १६० ते ठरवा. शंका असेल तर वरची सीएफएमची यादी परत बघा.
5. बेंड मोजा. चारपेक्षा जास्त आले तर मांडणी बदला, पाइप नंतर घ्या.

मग दुकानात जा. दुकानदार विचारेल, “किती केजीचा देऊ?” शांतपणे सांगा, “केजी नको शेठ. एसडब्ल्यूआर, टाइप ए, ११०, आयएसआयवाला. आणि टी नको, वाय द्या.” बघा तो तुमच्याकडे कसा बघतो. माल काय हवा ते नेमकं माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार भावही नीट लावतो. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतोय!

पुढच्या भागात प्लायचे गेट कसे बनवायचे ते मापांसकट बघू. तोपर्यंत मास्क लावा, आणि कामगारालाही लावायला लावा. भेटू लवकरच.